प्रयोगशाळेची भुई

तेलगावच्या आमच्या घरात पायाखाली जे काही असे, त्याला एकच शब्द होता: भुई. स्वयंपाकघरात भुई, ओसरीवर भुई, देवापुढे भुई. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, 'जमीन' हा शब्द फक्त शेतासाठी वापरीत. घराचा उंबरठा ओलांडला की जमीन संपे आणि भुई सुरू होई. लहानपणी हा भेद मला इतका स्वाभाविक वाटे, की तो भेद आहे हेही माझ्या लक्षात आले नव्हते.

ते लक्षात आले निजामाच्या हैदराबादेत. तिथे मी वसतिगृहात राहून विज्ञानाची पदवी घेतली, आणि रसायनशास्त्रासकट सगळे काही उर्दूतून शिकले. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या देखरेखीवरच्या बाईंनी मला 'फर्श उठाव' असे फर्मावले. मी पायाखालच्या दगडी लाद्यांकडे पाहत राहिले. त्यांना म्हणायचे होते, पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी गुंडाळ. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. त्या वहीत पायाखालच्या पृष्ठभागाचे सगळे शब्द गोळा केले: भुई, गच, कोबा, लादी, फरशी, फर्श. प्रत्येक शब्दापुढे तो कोण वापरते, कोणत्या वस्तूसाठी वापरते, आणि त्याच्याबरोबर कोणते क्रियापद येते, असे रकाने आखले.

दोन वर्षांच्या नोंदींतून एक नियम हाती लागला. नामावर विसंबता येत नाही, क्रियापदावर येते. भुई चोपतात आणि सारवतात. कोबा घोटतात. फरशी बसवतात आणि धुतात. लादी पुसतात. तेव्हा एखाद्या घरातली बाई सकाळी उठून पायाखालच्या पृष्ठभागाचे काय करते एवढे विचारले, की तो पृष्ठभाग कशाचा आहे हे न पाहता सांगता येते. हा नियम मला फार आवडला होता. त्यातली एक त्रुटी मात्र मी तपासली नव्हती: क्रियापद पृष्ठभाग ठरवीत नाही, ते बाई ठरवते.

पदवी घेऊन मी परतले आणि तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळाली. नोकरी शिवणकामाच्या शिक्षिकेची होती. शाळेत जागा तेवढीच रिकामी होती, आणि पदवीधर मुलीला हातशिलाई येतच असणार असे वरिष्ठांनी गृहीत धरले होते. मला सरळ टीप घालता येत नव्हती. माझ्या वर्गातल्या मुली माझी टीप उसवून पुन्हा घालीत, आणि हे काम इतक्या सौजन्याने करीत की मला लाज वाटण्यापलीकडे काही करता येत नसे.

त्या मुलींपैकी तिघींना विज्ञान शिकायचे होते. मी त्यांना मधल्या सुट्टीत शिकवीत असे. पण पुढच्या वर्षी त्यांना तो विषय घेऊ द्यायचा, तर शाळेत मंजूर विज्ञानखोली हवी होती. खोली मंजूर झाली, तर तिघींना विषय मिळणार होता आणि मला विज्ञान शिक्षिकेची जागा. नामंजूर झाली, तर तिघींचे शिक्षण त्याच वर्षी आटोपणार होते, कारण नुसत्या शिवणकामासाठी आणखी एक वर्ष मुलगी शाळेत ठेवायला त्यांच्या घरचे तयार नव्हते. मीही टीप घालीत बसणार होते.

मंजुरीसाठी हैदराबादहून एक छापील उर्दू अर्ज आला. त्यात खिडक्या किती, दार कोणत्या दिशेला, पाणी कुठून येणार, असे प्रश्न होते. सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला प्रश्न असा: 'फर्श: पुख्ता या खाम?' म्हणजे पायाखालची भुई पक्की की कच्ची? दोहोंपैकी एक शब्द खोडायचा होता.

आम्हाला मिळालेली खोली पूर्वी कडबा ठेवायची होती. तिची भुई मातीची, आणि घुशींनी पोखरलेली. तिच्यावर मी तराजू ठेवून पाहिला, तर रिकाम्या पारड्यांपैकी एक पारडे कायम खाली जाई. अशा खोलीत अर्जावरचा 'खाम' हा शब्द खोडणे हे विज्ञानाच्या आरंभीच खोटे बोलणे झाले असते. मी आबांना पत्र लिहिले. घराच्या ओसरीसाठी त्यांनी शहाबादी फरश्या मागवल्या होत्या. त्या रेल्वेने परळीला येऊन पडल्या होत्या आणि तिथून बैलगाड्यांनी तेलगावला यायच्या होत्या. त्याच गाड्या पुढे तालुक्याला आणाव्यात, अशी मी विनंती केली.

आबा गाड्यांबरोबर स्वतःच आले. शाळेच्या अंगणात फरश्या उतरवून झाल्यावर त्यांनी खोलीत डोकावून पाहिले.

"भुई काय वाईट हाय हिची?" ते म्हणाले. "चार बाया लावून चोपून घेतली असती."

"आबा, अर्जात पुख्ता पाहिजे म्हणून छापलं आहे."

"छापणाऱ्यानं भुई बघितली हाय का कधी?" असे म्हणून ते फरश्यांच्या थप्पीकडे वळले, आणि म्हणाले, "घे. ओसरी कुठं पळून चालली न्हाई. पर मंजूर न्हाई झालं तर ह्याच फरश्या उपटून माघारी न्यायच्या, आणि तूबी त्याच गाडीत बसायचं."

म्हणजे माझ्यापुढे टीप घालण्यापेक्षाही वाईट एक पर्याय उभा राहिला.

फरशी बसवायला परळीकडचे एक वयस्क गवंडी आले. ते पाणसळ लावून सपाटी पाहत, आणि मी त्यांच्यामागे पितळी परातीत काठोकाठ पाणी भरून तीच सपाटी पुन्हा पाहत असे. तिसऱ्या दिवशी परातीतले पाणी एका बाजूने सांडले. मी त्यांना फरशी उचलायला सांगितले.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "तुमची परात खरी का माझी पाणसळ?"

परात उलटी करून पाहिली. तिच्या बुडाला एका बाजूने पोचा आलेला होता. उपकरण तपासल्याशिवाय निरीक्षण नोंदवू नये, हे मी मुलींना त्याच आठवड्यात शिकवले होते. गवंड्यांनी माझ्यावर एवढीच कृपा केली, की ते हसले नाहीत, पुढे दोन दिवस मात्र प्रत्येक फरशी बसवल्यावर ते मला हाक मारीत, "या बाई, आणा परात."

या सर्व कामाकडे शाळेच्या मावशी दारात उभ्या राहून पाहत. शाळा झाडणे, पाणी भरणे आणि मुलींना घरून आणून परत पोचवणे ही कामे त्या करीत. त्यांच्या घरी मेंढरे होती. नवरा आणि दीर आठ महिने कळप घेऊन रानोमाळ असत, आणि घर मावशी व त्यांच्या दोन जावा चालवीत. सबंध शाळेची भुई दर शनिवारी या तिघी सारवून काढीत. सारवणाच्या कामात त्यांचा हात इतका बसलेला होता, की मोठा वर्ग मधली सुट्टी संपायच्या आत आवरून होई.

सांधे भरून झाले, फरशी धुऊन लख्ख झाली. मी मावशींना अभिमानाने आत बोलावले.

"कशी वाटते?"

त्यांनी चप्पल नसलेल्या पायाचा अंगठा फरशीवर टेकवून पाहिला. "गार हाय."

"आणखी?"

"उघडी दिसती, बाई. अंगावर काय न्हाई तिच्या."

मी हा अभिप्राय सौंदर्यदृष्टीचा समजले आणि पुढच्या कामाला लागले. अर्जावरचा 'खाम' मी दोनदा, शाईने, पट्टी धरून खोडला.

तपासणीसाठी हैदराबादहून बाई यायच्या होत्या, कारण मुलींच्या शाळेत पुरुष तपासनीस चालत नसत. त्या आदल्या दिवशी पडदा लावलेल्या टांग्यातून आल्या आणि गावाबाहेरच्या सरकारी बंगल्यात उतरल्या. सकाळी त्यांना आणायला मी स्वतः गेले. जाताना मावशींना सांगितले, "खोली स्वच्छ दिसली पाहिजे. पाहुण्या मोठ्या आहेत." आज मी ते वाक्य पुन्हा आठवून पाहते तेव्हा त्यात एकही स्पष्ट सूचना नाही, असे दिसते. 'स्वच्छ' म्हणजे काय, हे मी सांगितले नव्हते. ते सांगावे लागेल, असे वाटलेही नव्हते.

तपासनीस बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या आणि चटपटीत होत्या. शाळेच्या आवारात शिरल्यावर त्यांनी बुरख्याचा पडदा वर टाकला, हातातली छत्री काठीसारखी टेकवली आणि माझा अर्ज उघडून चालता चालताच वाचायला सुरुवात केली.

"फर्श पुख्ता. माशाल्ला. तालुके के मदरसे में पुख्ता फर्श! कौनसा पत्थर?" शाळेला त्या मदरसाच म्हणत.

"शहाबादी," मी म्हणाले, आणि विज्ञानखोलीचे दार उघडले.

खोलीभर ओले, हिरवट, ताजे सारवण पसरले होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत बोटांनी ओढलेली अर्धवर्तुळे एकाला एक लागून, माशाच्या खवल्यांसारखी रेखीव बसली होती. मधोमध रांगोळी होती आणि तिच्यावर हळदकुंकवाची बोटे. दाराच्या एका बाजूला मावशी आणि त्यांच्या दोघी जावा पदराने घाम टिपीत उभ्या होत्या, आणि त्यांचे चेहरे समाधानाने उजळले होते. फरशीचा मागमूस नव्हता.

तपासनीस बाईंनी अर्जाकडे पाहिले, मग खाली पाहिले, मग माझ्याकडे.

"बीबी, ये फर्श है? मेरे कू तो गोबर दिखरा."

उत्तर मावशींनी दिले. "सायबीणबाई, पाय नगा देऊ! वल्लं हाय अजून. घटकाभर दम धरा."

"मावशी," मी दबक्या आवाजात म्हणाले, "हे काय केलंत तुम्ही?"

"काय म्हंजे? सारवलं." त्यांना प्रश्नच कळला नाही. "बिनासारवल्या घरात पाव्हणी आणायची व्हय? लोक म्हंतील, शाळंत सुतक हाय."

"पण ती फरशी होती!"

"व्हतीच की. हाय की खाली. कुठं जाती?"

तर्काला यात दोष काढता येत नव्हता. दरम्यान शिवणाच्या वर्गातल्या माझ्या तिघी विद्यार्थिनी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांतली उंच मुलगी दुसरीच्या कानात काहीतरी सांगून तोंडावर हात दाबून धरीत होती.

"बाईसाहेब," मी उर्दूत म्हणाले, "खाली फरशी आहे. मी आत्ता दाखवते."

दाराबाहेर काढून ठेवलेल्या टेबलावरची चपटी सुरी घेऊन मी दाराजवळच गुडघ्यांवर बसले आणि तळहाताएवढी जागा खरवडली. मावशींनी कपाळावर हात मारला.

"अगं बया! सारवल्याली भुई खरवडती! बाई, अवदसा आठवली का तुमाला? कावून खरवडताय?"

करडा दगड उघडा पडला. तपासनीस बाईंनी वाकून पाहिले आणि मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

"एक कोने में एक पत्थर तो मैं बहुत मदरसों में देखी," त्या म्हणाल्या. "उधर खरचो."

त्यांनी छत्रीने समोरची भिंत दाखवली. मी उठून पाऊल टाकणार, तोच मावशींनी माझा दंड धरला. चपला काढाव्या लागल्या. आणि तपासनीस बाईंना जवळून पाहायचे होते, म्हणून त्यांनाही.

"ये भी हुक्म है क्या?" त्यांनी विचारले.

"व्हय," मावशी म्हणाल्या. कोणता हुकूम आणि कोणाचा, ते कोणी विचारले नाही. निजामाच्या राज्यातल्या एका तपासनीस बाईंनी आपले काळे बूट आणि मोजे काढले, झगा दोन बोटांनी वर धरला आणि त्या ओल्या सारवणावर पाऊल ठेवले.

"इधर. अब इधर. नक्को, वो नक्को, खिडकी के नीचे." त्या छत्रीचे टोक टेकवीत गेल्या आणि मी त्यांच्यापुढे रांगत खरवडत गेले. मागोमाग मावशी प्रत्येक जागी 'अगं बया' म्हणत होत्या. सात ठिकाणी खरवडले, सातही ठिकाणी शहाबादी निघाली. सातवी जागा रांगोळीच्या मधोमध होती.

"हौ," तपासनीस बाई शेवटी म्हणाल्या. "पुख्ता है."

मी इथेच थांबायला हवे होते. खोली वाचली होती, जागा वाचली होती, तिघींचे वर्ष वाचले होते. पण मी सात वेळा रांगले होते, आणि ज्या खोलीसाठी रांगले तिथे विज्ञान चालते, हेही दाखवावेसे मला वाटले.

"हा दगड कोणता, हे आमच्या मुली प्रयोगाने सांगतील," मी म्हणाले.

उंच मुलगी पुढे झाली. तिने विरल आम्लाची बाटली घेतली. त्याला उर्दू पुस्तकात तुर्शा म्हणत आणि मावशी तेजाब म्हणत. तिने काचेच्या कांडीने खिडकीखालच्या उघड्या दगडावर चार थेंब सोडले. दगड फसफसला, बुडबुडे आले.

"चुनखडीचा दगड हाय, बाईसाहेब," ती म्हणाली. घाबरल्यामुळे तिची पुस्तकी भाषा पळाली होती. "तेजाब त्याला खातंय. खाताना आतली हवा भाईर पडती, त्येचे बुडबुडे हायेत."

"शाबास!" तपासनीस बाई मनापासून म्हणाल्या. त्या अजून वाकून पाहत होत्या. बुडबुडे थांबले, पाणी पुसले, तेव्हा दगडावर एक फिकट, खडबडीत डाग उरला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"तो बीबी," त्या सावकाश म्हणाल्या, "इस कमरे में साल भर तेजाब का काम होंगा. गिरेगा भी. फिर ये पुख्ता फर्श का क्या होंगा?"

उंच मुलीने बाटली पटकन मागे घेतली.

दोन महिने मी त्या फरशीची सपाटी, सांधे, उतार आणि नाव यांचा विचार केला होता. ती मुळात आम्लात विरघळणाऱ्या दगडाची आहे, हे मला माहीत होते. तेच तर मी सिद्ध करून दाखवले होते. मात्र ही दोन ज्ञाने माझ्या डोक्यात वेगवेगळ्या वह्यांत होती. 'पुख्ता' हा शब्द शाईने ठळक छापलेला पाहिला आणि पक्के म्हणजे कशापुढे पक्के, हे विचारायचेच राहून गेले.

तेवढ्यात मावशींचा आवाज आला.

"म्हून तर सारवलं, सायबीणबाई!"

त्यांनी हे इतक्या ठामपणे म्हटले, की क्षणभर मलाही वाटले, या बाईंनी सगळा विचार आधीच केला होता. त्यांच्या दोघी जावांनी एकदम माना डोलावल्या.

तपासनीस बाईंनी मावशींकडे पाहिले. मग माझ्या विद्यार्थिनीच्या हातातली कांडी मागून घेतली आणि कडेच्या सुकत आलेल्या सारवणावर स्वतःच्या हाताने चार थेंब सोडले. तिथे तपकिरी डाग पडला, दोनचार बुडबुडे आले आणि थेंब जिरून गेला. सुरीने तो डाग खरवडला, तर खालचा दगड गुळगुळीत होता.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी म्हणाले. थेंब चार होते, सारवण जाड होते. बाटली उपडी झाली तर काय होईल, ते यावरून कळत नाही. मी हे प्रामाणिकपणे म्हणाले, पण मावशींना ते मत्सराचे वाटले, असा मला अजून संशय आहे.

"निष्कर्ष तुम निकालो," तपासनीस बाई मोजे चढवीत म्हणाल्या. त्यांच्या टाचांना हिरवट कड लागली होती आणि ती त्यांनी पुसली नाही. "मैं तो सिर्फ फार्म भरती."

त्या गेल्यावर मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. सात भोकांच्या भुईकडे पाठ करून त्यांनी घमेले उचलले आणि निघून गेल्या. रांगोळी मोडली याचा राग खरवडण्यापेक्षाही मोठा होता, हे मला त्यांच्या एका जावेकडून कळले.

हुकूम यायला जवळजवळ महिना लागला. त्या महिन्यात मी शिवणाचा तास घेत असताना दारावरून जाणाऱ्या प्रत्येक टपालवाल्याकडे पाहत असे, आणि मुली माझ्या टिपा न बोलता उसवीत असत. शेवटी नवे शालेय वर्ष सुरू होताना लिफाफा आला. खोली मंजूर होती. माझी नेमणूक विज्ञान शिक्षिका म्हणून झाली होती. तिघींना विषय घेण्याची परवानगी होती. फर्श या रकान्यापुढे 'पुख्ता' लिहिलेले होते. त्याखाली मात्र तपासनीस बाईंच्या हातची एक ओळ होती: तेजाबाच्या प्रत्येक कामापूर्वी फर्शावर शेणाचा लेप द्यावा, आणि तो वाळल्याखेरीज प्रयोग सुरू करू नये.

मी तो कागद घेऊन मावशींकडे गेले आणि ती ओळ मराठीत वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.

"मंजी सायबीणबाईनं सरकारात लिवून दिलं, सारवायचं म्हून?"

"हो."

"मंग बरंच झालं." त्यांनी हातातला झाडू खाली ठेवला. "पर मी न्हाई सारवणार."

"मावशी, असं काय करता? सरकारी हुकूम आहे."

"हुकूम तुमच्या खोलीला हाय. माजं सारवण तुमी सात जागी खरवडलं. आता तुमीच सारवा. लई शिकलाय की!"

मी पुष्कळ युक्तिवाद केले. आम्लाचा पहिला प्रयोग दुसऱ्याच दिवशी होता, आणि त्या हटल्या नाहीत. एवढेच कबूल केले, की दारात बसून कसे सारवायचे ते सांगतील.

म्हणून विज्ञान शिक्षिका झाल्याच्या पहिल्या सकाळी मी पदर खोचून शेणकाल्यात हात घातला. माझी अर्धवर्तुळे एकमेकांना छेदून जात होती. एका जागी काला इतका घट्ट, की ढीग झाला. दुसऱ्या जागी इतका पातळ, की दगड दिसत राहिला. तिघी विद्यार्थिनी बाटली आणि काचनळ्या घेऊन अंगणात उभ्या होत्या, आणि तिघींनाही हे काम माझ्यापेक्षा चांगले येत होते.

"बाई, म्या करू का?" उंच मुलगी म्हणाली.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "शिकू दे बाईस्नी. हात ढिला सोडा, बाई. मनगट न्हाई, खांदा हलवा. हां. आणि म्होरं कुठं निगालाव? सारवणारीनं मागं मागं यायचं असतं. न्हाईतर सोताचंच वल्लं सोता तुडवती."

मी मागे वळून पाहिले. खरोखरच मी कोपऱ्यात पोचले होते, आणि दार व माझ्यामध्ये सबंध ओली भुई होती. मावशींनी गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि मुलींना सांगितले, "बसा गं खाली. वाळंस्तवर घटकाभर लागंल. तवर बाई तिथूनच शिकवतील."

मग मी कोपऱ्यातूनच त्या दिवसाचा धडा सुरू केला.